हॉरर सिनेमांचे सिक्वेल, रिमेक आणि प्रिक्वेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉररचे दोन चाहते भेटले की गाडी लवकरच 'मूळ भारी की नंतरचा?' यावर येते. त्या वादातून निघणारे आणि पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माहिती ती माहिती, मतं मात्र माझी. काही ठिकाणी शेवट सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तिथे आधीच 'शेवट फुटेल' अशी सूचना दिली आहे.

१. सिक्वेल, प्रिक्वेल, रिमेक, रिबूट यांत नेमका फरक काय?

गोष्ट पुढे नेतो तो सिक्वेल. मूळ गोष्टीच्या आधी काय घडलं ते सांगतो तो प्रिक्वेल, मग तो कितीही वर्षांनी बनलेला असो. तीच गोष्ट नव्याने सांगितली की रिमेक. आणि पात्रं, नाव, मुखवटा ठेवून आधीचे सगळे भाग पुसून नवी मालिका सुरू केली की रिबूट.

एकच सिनेमा दोन खणांत बसतो तेव्हा घोळ होतो. २००६ चा 'द टेक्सास चेनसॉ मॅसेकर: द बिगिनिंग' हा प्रिक्वेल आहे, पण २००३ च्या रिमेकचा. १९७४ च्या मूळ सिनेमाच्या कथेशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे 'प्रिक्वेल आहे' एवढं ऐकून थांबू नका, कशाचा ते विचारा.

२. मग हे 'रिक्वेल' काय प्रकरण आहे? आणि पाचव्या भागाला पहिल्याचंच नाव का देतात?

जुनी पात्रं वयस्क होऊन परत येतात, मध्यभागी नवी तरुण मंडळी असतात, आणि मधले नावडते भाग घडलेच नाहीत असं धरलं जातं. तांत्रिकदृष्ट्या सिक्वेल, कामाने रिबूट. २०२२ च्या 'स्क्रीम'मध्ये तर पात्रंच पडद्यावर बसून या प्रकाराची चर्चा करतात, तिथून हा शब्द चाहत्यांच्या तोंडी बसला.

नावामागे सरळ व्यवहार आहे. पोस्टरवर '५' दिसला की आधीचे चार न पाहिलेला प्रेक्षक बिचकतो, म्हणून आकडाच काढून टाकायचा. त्या 'स्क्रीम'ला आकडा नव्हता, त्याच्या पुढच्याला मात्र थेट सहा! 'हॅलोविन' एवढ्याच नावाचे तीन सिनेमे आहेत: १९७८, २००७ आणि २०१८. वाद घालताना साल सांगा, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

३. हॉररमध्येच इतके भाग का निघतात?

पैशाचं गणित. हॉररला मोठे स्टार लागत नाहीत, एक घर आणि चार-पाच कलाकारांत सिनेमा उभा राहतो. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चं मूळ चित्रीकरण अंदाजे १५ हजार डॉलरमध्ये झालं आणि जगभरात त्याने १९ कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. असे आकडे पाहिल्यावर दुसरा भाग काढायचा नाही, असं कोणता निर्माता म्हणेल? शिवाय खलनायक मुखवट्यामागे असला की नट बदलला तरी मालिका अडत नाही.

४. 'कॉन्ज्युरिंग'सारखी मालिका कोणत्या क्रमाने पाहायची? कथेच्या काळानुसार की प्रदर्शनानुसार?

पहिल्यांदा पाहताना प्रदर्शनाच्या क्रमानेच पाहा.

काळानुसार लावलं तर 'द नन' (२०१८) खूप आधी येतो, कारण त्याची कथा १९५२ मधली आहे. 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) ची कथा १९७१ ची, तर 'द कॉन्ज्युरिंग २' (२०१६) ची १९७७ ची. यादी म्हणून हे छान दिसतं. पण दुसऱ्या भागातला तो प्रसंग आठवा: नायिका लॉरेन खोलीत एकटी, भिंतीवरून एक सावली शांतपणे सरकत जाते, एका ननच्या (ख्रिस्ती जोगिणीच्या) चित्रामागे शिरते आणि चौकटीच्या कडांवर आतून बोटं येतात. ही कोण, कुठली, हे आपल्याला ठाऊक नसतं म्हणून तो प्रसंग अंगावर येतो. 'द नन' आधी पाहिलात तर तिचं नाव-गाव सगळं कळलेलं असतं, आणि मग चौकटीवर फक्त बोटं दिसतात.

दिग्दर्शक रहस्य ज्या क्रमाने उलगडतो तो क्रम प्रदर्शनाचा असतो. 'सॉ' मालिकेत तर क्रम बदलणं म्हणजे स्वतःच्या हाताने मजा घालवणं. तिथे भाग एकमेकांत कालरेषेने गुंतलेले आहेत आणि २०२३ चा 'सॉ एक्स' तर पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधे बसतो. अपवाद म्हणून 'अ क्वाएट प्लेस: डे वन' (२०२४) घ्या. मालिकेतलं काहीही न पाहता तो एकटा पाहता येतो.

५. हॉररचा सिक्वेल मूळापेक्षा चांगला असूच शकत नाही, हे खरं ना?

खोटं, आणि हे खोटं ठरूनही जुनं झालं. जेम्स व्हेलने १९३१ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' केला आणि १९३५ मध्ये 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. अनेक समीक्षक दुसऱ्यालाच सरस मानतात. मीही.

सिक्वेलला मी एकच कसोटी लावतो: भीतीची जात बदलली का? 'एलियन'मध्ये (१९७९) एक प्राणी आणि हाताशी धड शस्त्र नसलेले सात कर्मचारी. 'एलियन्स'मध्ये (१९८६) प्राणी शेकड्याने आणि समोर बंदुका घेतलेले सैनिक. पहिल्यात माणसं असहाय आहेत म्हणून भीती वाटते, दुसऱ्यात तयारीनिशी गेलेलेही असहाय ठरतात म्हणून. दोन्ही उत्तम, कारण दोन्ही वेगळे. 'यातला भारी कोणता' या वादात मी पडत नाही.

फसलेले सिक्वेल भीती तीच ठेवतात आणि प्रेतांची संख्या वाढवतात. नाहीतर राक्षसाला इतक्या वेळा पडद्यावर आणतात की तो घरचाच वाटू लागतो. १९८४ च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधला खलनायक फ्रेडी बराचसा अंधारात आहे, कमी बोलतो. पुढच्या भागांत तो प्रत्येक खुनाला एक विनोद करू लागला. टाळ्या मिळाल्या, भीती गेली.

६. प्रिक्वेल बहुतेक वेळा का फसतात?

शेवट आधीच माहीत असतो म्हणून, असं उत्तर सहसा दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. शेवट माहीत असूनही आपण भयकथा पुन्हा पुन्हा पाहतोच की. खरं दुखणं असं की प्रिक्वेलचं कामच मुळात स्पष्टीकरण देण्याचं, आणि हॉररमध्ये स्पष्टीकरणासारखा दुसरा शत्रू नाही.

२०११ चा 'द थिंग' हे याचं स्वच्छ उदाहरण. नाव हुबेहूब १९८२ च्या सिनेमाचं, म्हणून अनेकांना तो रिमेक वाटतो. प्रत्यक्षात तो प्रिक्वेल आहे. १९८२ च्या सिनेमात (परग्रहावरचा एक जीव माणसांची हुबेहूब नक्कल करतो, अशी ती गोष्ट) दिग्दर्शक जॉन कार्पेंटरची माणसं जळून गेलेल्या नॉर्वेजियन तळावर पोचतात. तिथे दारात रुतलेली कुऱ्हाड आहे, खुर्चीतच गोठलेला गळा चिरलेला माणूस आहे, दोन चेहरे एकमेकांत वितळलेलं एक धूड आहे. काय झालं असेल, हे प्रेक्षक मनात रचतो. २०११ चा सिनेमा यातली एकेक वस्तू उचलून ती तिथे कशी आली ते सांगतो. कुऱ्हाडीचासुद्धा हिशेब लागतो! काम मन लावून केलंय, नाकारत नाही. पण मूळात त्या खोलीत शिरताना जे पोटात कालवायचं, त्याची जागा आता तपशील जुळल्याच्या समाधानाने घेतली.

त्यातली एक कल्पना मात्र दाद देण्यासारखी आहे. मूळात कोण माणूस आणि कोण नाही हे रक्ताला तापलेली तार लावून ठरतं. प्रिक्वेलमध्ये शोध लागतो की त्या जीवाला धातू किंवा चिनी मातीची नक्कल करता येत नाही. मग एकेकाचं तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात दातांतलं फिलिंग तपासलं जातं, आणि ज्याचे दात मुळातच चांगले त्याची पंचाईत. संपूर्ण सिनेमा असाच स्वतःच्या डोक्याने चालला असता तर हा प्रश्नच आला नसता.

७. मग चांगला प्रिक्वेल आहे तरी कोणता?

दोन सांगतो, दोन वेगळ्या कारणांसाठी.

'विजा: ओरिजिन ऑफ ईव्हिल' (२०१६). मूळ 'विजा' (२०१४) इतका बेतास बात होता की जपायला काही नव्हतंच. माइक फ्लॅनगनने कथा १९६७ मध्ये नेली, सिनेमाही जुन्या काळातला वाटावा म्हणून स्टुडिओचं जुनं बोधचिन्ह वापरलं, रीळ बदलताना कोपऱ्यात उमटणारे ठिपकेसुद्धा घातले. मूळ न पाहता थेट हा पाहिलात तरी चालेल. उलट तेच बरं.

दुसरा 'पर्ल' (२०२२). त्याच वर्षी आलेल्या 'एक्स'चा हा प्रिक्वेल, दोन्ही टाय वेस्टचे. 'एक्स'मधली म्हातारी तरुणपणी कशी होती ते १९१८ च्या काळात दाखवलंय. इथे कुठलाही शाप किंवा भूत समजावून सांगायचं नाही, माणूस उलगडायचा आहे, आणि माणूस उलगडल्याने भीती कमी होत नाही. शेवटी पर्ल झालेली मिया गॉथ कॅमेऱ्याकडे पाहून हसते. नामावली सरकत राहते, ती हसतच राहते; गाल थरथरू लागतात, डोळ्यांत पाणी येतं, तरी ओठ फाकलेलेच. कॅमेरा हलत नाही. आपणच नजर वळवतो.

८. रिमेक मूळापेक्षा सरस झाला, असं एक तरी उदाहरण आहे का?

'द फ्लाय'. १९५८ च्या सिनेमात यंत्रातला घोटाळा एका झटक्यात होतो: शास्त्रज्ञाला माशीचं डोकं, माशीला शास्त्रज्ञाचं. १९८६ मध्ये डेव्हिड क्रोननबर्गने तो एक झटका काढून टाकला. त्याचा शास्त्रज्ञ यंत्रातून बाहेर येतो तेव्हा ठणठणीत असतो. मग पाठीवर राठ केस उगवतात. मग एके दिवशी न्हाणीघरातल्या आरशासमोर तो बोट चाचपतो आणि नख अलगद सुटून हातात येतं. गळून पडलेले अवयव तो औषधाच्या कपाटात मांडून ठेवतो. अपघाताची गोष्ट असाध्य आजाराची झाली, आणि ती पाहणारी प्रेयसी शेजारी उभी. कल्पना तीच, दुःख नवं.

दुसरं उदाहरण १९८२ चा 'द थिंग'. १९५१ मध्ये याच कथेवर सिनेमा झाला होता, पण रूप बदलण्याची मूळ कल्पनाच त्यात गाळलेली होती. कार्पेंटरने ती परत आणली. गंमत म्हणजे १९८२ च्या जूनमध्ये तो आला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं होतं. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' लागला होता; परग्रहवासी गोड असतो अशा मूडमध्ये प्रेक्षक होते. प्रदर्शनाच्या आठवड्यातल्या निकालावर फार विसंबू नये ते यासाठी.

९. जपानी 'रिंगू' चांगला की अमेरिकन 'द रिंग'? (शेवट फुटेल)

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे.

शापित व्हिडिओच्या रहस्याचा शोध अमेरिकन सिनेमात जास्त चांगला आहे. हिदेओ नाकाताच्या १९९८ च्या 'रिंगू'मध्ये नायिकेच्या माजी नवऱ्याला अतींद्रिय शक्ती आहे, त्यामुळे काही धागे त्याला हात लावताच दिसतात. २००२ मध्ये गोर व्हर्बिन्स्कीने ती सोय काढली. नायिका पत्रकार आहे आणि पत्रकारासारखी एकेक धागा ओढत जाते.

भीती मात्र 'रिंगू'ची. त्या व्हिडिओतल्या भुताचा टीव्हीतून बाहेर येण्याचा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'रिंगू'त टीव्ही आपोआप लागतो, विहीर दिसते, भूत झालेली मुलगी तिच्यातून बाहेर येते, चालत पडद्याजवळ येते आणि आपण जिथे थांबेल असं समजतो तिथे थांबत नाही. बोटांना नखं नाहीत. चाल विचित्र वाटते, कारण नटीला उलटं चालवून चित्रीकरण उलट फिरवलंय. चेहरा केसांआड, शेवटी दिसतो तो एकच डोळा, खाली वळलेला. अमेरिकन सिनेमात तिच्या अंगावर टीव्हीसारख्या मुंग्या चमकतात, ती झटक्यात पुढे सरकते आणि चेहराही नीट दाखवतात. इफेक्ट उत्तम आहे, पण तो इफेक्ट आहे हे लक्षात येतं.

दोन्हींच्या मुळाशी कोजी सुझुकींची कादंबरी आहे आणि तिच्यात शोध घेणारा पुरुष आहे. म्हणजे 'मूळाशी प्रामाणिक' हा मुद्दा काढला तर जपानी सिनेमालाही तो लागू होतो. कादंबरीवरून झालेल्या सिनेमांसाठी प्रश्न १३ पाहा. नाकातानेच पुढे अमेरिकेत 'द रिंग टू' (२००५) दिग्दर्शित केला. तो पाहिला नाहीत तरी काही बिघडत नाही.

१०. फ्रेम-टू-फ्रेम रिमेक करण्यात अर्थ काय?

गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये 'सायको' जवळजवळ तसाच्या तसा पुन्हा केला. पटकथा तीच, संगीत तेच, बहुतेक चौकटीही त्याच. रंग आले, आणि चोरलेली रक्कम ४० हजार डॉलरची ४ लाख झाली. तरी तो निर्जीव का वाटतो? १९६० मध्ये पैसे घेऊन पळालेली ती बाई सिनेमा निम्मा होण्याआधीच मरेल, असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९९८ मध्ये तो न्हाणीघराचा प्रसंग न पाहिलेल्यांनाही माहीत होता. चौकटीची नक्कल झाली. धक्क्याची होणार तरी कशी? एक प्रयोग म्हणून मात्र हा सिनेमा जरूर पाहावा.

मिखाएल हानेकेने स्वतःचाच १९९७ चा 'फनी गेम्स' २००७ मध्ये इंग्रजीत जसाच्या तसा केला. तिथे निदान हेतू स्पष्ट होता: हिंसा चवीने पाहणाऱ्या ज्या प्रेक्षकाला तो सिनेमा ऐकवायचा होता, त्याच्याच भाषेत तो नेला.

११. मूळ दिग्दर्शकानेच रिमेक केला तर तो चांगला होतो का? (शेवट फुटेल)

खात्री नाही. जॉर्ज स्लाउझरचा डच सिनेमा 'द व्हॅनिशिंग' (१९८८) हे भीतीदायक उदाहरण. नायकाला जिवंत पुरलं जातं आणि सिनेमा संपतो. त्याच दिग्दर्शकाने १९९३ मध्ये हॉलिवूडमध्ये तो पुन्हा केला आणि नायकाला वाचवलं. अख्ख्या गोष्टीचा कणा तो शेवट होता. तो काढल्यावर उरला एक साधा अपहरणपट. 'स्पीक नो ईव्हिल'चंही तेच: २०२२ च्या डॅनिश मूळात आईवडिलांची सुटका नाही, २०२४ च्या रिमेकमध्ये कुटुंब लढून वाचतं. इथे दिग्दर्शक वेगळा होता, आणि मला रिमेक उत्कंठावर्धक वाटला, पण घरी जाताना सोबत काही आलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण विशाल फुरियांचं. 'लपाछपी' (२०१७) मराठीत केला, 'छोरी' (२०२१) हिंदीत. गरोदर बाई, उसाचं रान, आणि लपंडाव खेळणारी मुलं दोन्हीकडे आहेत. 'छोरी'त पैसा दिसतो, फ्रेम सुंदर आहेत. 'लपाछपी'तला ऊस मात्र जास्त दाट वाटतो, बहुधा कॅमेरा त्यातून फार वर येतच नाही म्हणून. ज्यांनी आधी 'छोरी' पाहिला त्यांचं मत बहुतेक उलटं असतं, आणि तेही स्वाभाविक आहे.

१२. 'झपाटलेला' हा 'चाइल्ड्स प्ले'चा रिमेक आहे का?

अधिकृत रिमेक नाही. पण मरता मरता गुन्हेगाराने मंत्राने आपला आत्मा बाहुल्यात घालायचा आणि ज्याला गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरायचं, ही कल्पना १९८८ च्या अमेरिकन सिनेमातली हे उघड आहे. १९९३ मध्ये महेश कोठारेंनी त्यावर जे उभं केलं ते मात्र इथलं होतं: रामदास पाध्येंचा बाहुला, लक्ष्मीकांत बेर्डेंचं घाबरणं, आणि हसता हसता लहान मुलांची झोप उडवणारा तात्या विंचू. २०१३ चा 'झपाटलेला २' थ्रीडी होता. तुलना करायचीच तर पहिल्याशी करू नका, बिचाऱ्यावर अन्याय होईल.

१३. एकाच कादंबरीवर दुसरा सिनेमा आला तर तो रिमेक की नवं रूपांतर?

दुसऱ्याने पुस्तकातून काय घेतलं आणि आधीच्या सिनेमातून काय उचललं, यावर ठरतं. योन आय्विडे लिंडक्विस्टच्या कादंबरीवर स्वीडनमध्ये 'लेट द राइट वन इन' (२००८) झाला आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत 'लेट मी इन'. जाहिरातीत पुस्तकाचं नाव असलं तरी पाहताना पहिल्या सिनेमाची सावली जागोजागी दिसते. मी त्याला रिमेकच म्हणतो. याउलट १९८२ चा 'द थिंग' जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलच्या १९३८ च्या कथेकडे परत गेला, म्हणून तो नवं रूपांतर म्हणवून घ्यायला जास्त पात्र आहे. प्रश्न ८ मध्ये मी त्याला रिमेकच्या यादीत घातलंय, कारण विचारणारे तसंच विचारतात.

१४. 'हॅलोविन'च्या टाइमलाइन किती? डोकं गरगरतं.

चार, आणि एक सिनेमा (तिसरा भाग, पुढचा प्रश्न पाहा) या सगळ्यांच्या बाहेर.

पहिली: १९७८, १९८१, मग चौथा, पाचवा आणि सहावा भाग (१९८८, १९८९, १९९५). यात मूळ नायिका लॉरी मेलेली असते आणि तिची छोटी मुलगी मुखवटेवाल्या खुन्याच्या, मायकलच्या, तावडीत सापडते. दुसरी: १९७८, १९८१, आणि थेट १९९८ व २००२. इथे लॉरीने मरणाचं फक्त नाटक केलेलं असतं, आणि तिला मुलगा आहे. तिसरी: १९७८, मग २०१८, २०२१, २०२२. लॉरी आजी झाली आहे. चौथी रॉब झोम्बीची, २००७ आणि २००९, पूर्णपणे वेगळी.

या सगळ्यात कळीचा मुद्दा नात्याचा. मायकल हा लॉरीचा भाऊ, हे १९७८ मध्ये कुठेही नाही. ते १९८१ च्या दुसऱ्या भागात घुसवलं गेलं. २०१८ च्या सिनेमाने ते नातं काढून टाकलं, आणि माझ्या मते त्या सिनेमाचं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. भाऊ बहिणीला मारायला येतो याला कारण असतं. अनोळखी माणूस विनाकारण तुमच्याच खिडकीसमोर उभा राहतो, तेव्हा करायचं काय?

जपानी 'रिंग'मध्येही असंच झालं आहे. 'रिंगू'सोबत एकाच दिवशी त्याचा सिक्वेल 'रासेन' प्रदर्शित केला होता. तो चालला नाही, म्हणून १९९९ मध्ये तो झालाच नाही असं धरून 'रिंग २' काढला.

१५. 'हॅलोविन ३'मध्ये मायकल का नाही?

कारण निर्मात्यांना दर वेळी हॅलोविनच्या सणाभोवतीची एक नवी गोष्ट सांगायची होती. प्रेक्षकांना मायकलच हवा होता, म्हणून चौथ्या भागाच्या नावातच त्याच्या परतण्याची घोषणा करावी लागली. तिसऱ्या भागात टीव्हीवर १९७८ च्या 'हॅलोविन'ची जाहिरात लागलेली दिसते, म्हणजे त्या जगात मायकल हा सिनेमातला माणूस आहे! सिक्वेल म्हणून पाहू नका, मजेदार आहे.

१६. पहिल्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये जेसनचा मुखवटा कधी दिसतो? (शेवट फुटेल)

दिसत नाही. १९८० मध्ये खुनी त्याची आई आहे. दुसऱ्या भागात जेसन येतो तो डोक्यावर फडकं बांधून, आणि हॉकीचा मुखवटा मिळतो तिसऱ्यात, १९८२ मध्ये. पैजेवर विचारायला चांगला प्रश्न आहे. १९९६ च्या 'स्क्रीम'मध्ये 'पहिल्या भागातला खुनी कोण?' या प्रश्नाचं उत्तर चुकतं आणि एकीचा बॉयफ्रेंड जिवानिशी जातो.

१७. 'भूल भुलैया २' हा पहिल्याचा सिक्वेल कसा? पहिल्यात तर भूतच नव्हतं.

बरोबर पकडलंत. मूळ मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३), दिग्दर्शक फाझिल. त्यात आणि प्रियदर्शनच्या २००७ च्या हिंदी रिमेकमध्ये सगळा खेळ मनाचा आहे. मंजुलिका हे एका आजारी मनाने घेतलेलं रूप. २०२२ मध्ये अनीस बझ्मींनी मंजुलिकेला खरीखुरी प्रेतात्मा केली. छोटा पंडित, नाव आणि गाणं पुढे आलं, गोष्टीचा पायाच मात्र उलटला. याला नावाचा सिक्वेल म्हणावं. (प्रियदर्शन मूळ मल्याळम सिनेमाच्या दुसऱ्या युनिटवर काम करत होता. म्हणूनही असेल, त्याचा रिमेक मूळाचा मुद्दा सोडत नाही.)

आणखी गुंता हवा असेल तर: त्याच मल्याळम सिनेमाचा कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (२००४) आणि तमिळमध्ये 'चंद्रमुखी' (२००५) झाला, दोन्ही पी. वासूंचे. कन्नडचा सिक्वेल 'आप्तरक्षक' २०१० मध्ये आला, 'चंद्रमुखी २' २०२३ मध्ये. एका आईची मुलं, पण पुढची पिढी एकमेकांना ओळखत नाही.

१८. 'ईव्हिल डेड २' सिक्वेल की रिमेक?

सुरुवातीची काही मिनिटं रिमेक, पुढे सिक्वेल. १९८१ च्या पहिल्या सिनेमातली दृश्यं वापरण्याचे हक्क सॅम रेमीला मिळाले नाहीत, म्हणून १९८७ मध्ये मागची गोष्ट नव्याने चित्रित करून थोडक्यात उरकली. पहिल्यात पाच मित्र त्या झोपडीत जातात, इथे नायक ॲश आणि त्याची प्रेयसी लिंडा दोघंच. म्हणून चाहते चक्रावतात: हा वेडा पुन्हा त्याच झोपडीत का गेला? तो पुन्हा गेलेला नाही. २०१३ चा 'ईव्हिल डेड' आणि २०२३ चा 'ईव्हिल डेड राइज' या दोन्हींत नायक वेगळे, घराणं तेच.

१९. नावात 'भाग २' आहे, पण पहिल्याशी काहीच संबंध नाही. असं का?

नाव विकलं जातं म्हणून. जॉर्ज रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झोम्बी' नावाने लागला आणि चालला. लगेच १९७९ मध्ये लुचिओ फुल्चीच्या स्वतंत्र सिनेमाचं नाव 'झोम्बी २' झालं. 'ट्रोल २'मध्ये (१९९०) तर एकही ट्रोल नाही. हिंदीत 'राझ' मालिकेचे भाग कथेने एकमेकांशी जोडलेले नाहीत. असे सिनेमे कोणत्याही क्रमाने पाहा.

२०. एकाच मालिकेचा रिमेक येतो आणि जुनी मालिकाही चालूच राहते. हे कसं शक्य आहे?

हक्क वाटले गेले की असं होतं. 'चाइल्ड्स प्ले'च्या पहिल्या सिनेमाचे हक्क एका स्टुडिओकडे, पुढची मालिका दुसऱ्याकडे. म्हणून २०१९ मध्ये रिमेक आला, त्यात बाहुला भुताने नव्हे तर बिघडलेल्या यंत्रबुद्धीने झपाटलेला. आणि २०२१ मध्ये जुन्या बाहुल्याची, म्हणजे चकीची, टीव्ही मालिकाही सुरू झाली.

सर्वांत प्रसिद्ध घोळ 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा (१९६८). ऐनवेळी सिनेमाचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना टाकायचीच राहिली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. पुढे रोमेरो आणि सहलेखक जॉन रुसो वेगळे झाले तेव्हा 'लिव्हिंग डेड' हे शब्द रुसोकडे राहिले. म्हणून रोमेरोच्या पुढच्या सिनेमांच्या नावात नुसतं 'डेड' आहे, आणि १९८५ चा 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' रोमेरोचा नाही.

२१. 'द एक्झॉर्सिस्ट'चे दोन-दोन प्रिक्वेल कसे, आणि दोन्हींत नट तोच?

पॉल श्रेडरने प्रिक्वेल पूर्ण केला. निर्मात्यांना तो पुरेसा भीतीदायक वाटला नाही, म्हणून त्यांनी रेनी हार्लिनकडून जवळजवळ सगळा पुन्हा चित्रित करून घेतला. हार्लिनचा 'द बिगिनिंग' २००४ मध्ये आला आणि आपटला, मग २००५ मध्ये श्रेडरचा 'डॉमिनियन'ही कपाटातून बाहेर काढला. फादर मेरिन दोन्हीकडे स्टेलन स्कार्सगार्ड. एकच पाहायचा तर श्रेडरचा. संथ आहे, पण त्यात एक माणूस श्रद्धा गमावतो हे खरं वाटतं. दुसऱ्यात रक्त जास्त आहे.

२२. 'द फायनल चॅप्टर' असं नाव असलेला भाग खरंच शेवटचा असतो का?

'फ्रायडे द थर्टीन्थ: द फायनल चॅप्टर' १९८४ मध्ये आला, पुढचा भाग १९८५ मध्ये. फ्रेडीला १९९१ मध्ये नावातच मारलं, १९९४ मध्ये तो हजर. नाही.

२३. प्रिक्वेल असूनही शेवटपर्यंत ते लपवून ठेवणारा सिनेमा आहे का? (शेवट फुटेल, आणि इथे खरंच फुटेल)

'फायनल डेस्टिनेशन ५' (२०११). वाचलेले दोघं पॅरिसच्या विमानात बसतात. मागे काही विद्यार्थ्यांचा गोंधळ, त्यांना खाली उतरवलं जातंय. पहिला भाग पाहिलेल्याच्या तेव्हा लक्षात येतं की हे तेच २००० सालचं विमान. पहिला भाग न पाहता पाचवा पाहिला तर हा प्रसंग साधा अपघात वाटतो. त्यामुळे ही एक मालिका तरी आधी पहिल्या भागापासून सुरू करा; मधले वगळले तरी चालतील.